अल्टिमेटमध्ये पंच नसतो, मग निर्णय कोण देतं? नव्या खेळाडूंसाठी मार्गदर्शक

अल्टिमेट (उडत्या डिस्कने दोन संघांत खेळायचा खेळ) खेळायला नव्याने येणाऱ्यांना डिस्क फेकणं-झेलणं तसं लवकर जमतं. घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच. कोणीतरी ‘फाउल’ म्हणून ओरडतं, खेळ थांबतो आणि नवखा खेळाडू इकडेतिकडे बघत राहतो, कारण शिट्टी फुंकून निकाल देणारं मैदानात कोणीच नसतं. निकाल त्यालाच द्यायचा असतो, तोही ज्याच्याशी झटापट झाली त्याच्याशी बोलून.

१९६८ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, मेपलवूडच्या कोलंबिया हायस्कूलमध्ये हा खेळ सुरू झाला. आजही जागतिक फ्लाइंग डिस्क महासंघाच्या (डब्ल्यूएफडीएफ) जागतिक स्पर्धांच्या अंतिम सामन्यापर्यंत खेळाडूच पंच असतात. मोठ्या सामन्यांना बाजूला ‘गेम ॲडव्हायझर’ उभे असतात. ते नियम समजावून सांगतात, विचारलं तर आपल्याला काय दिसलं तेही सांगतात, पण निकाल देत नाहीत. त्यामुळे ‘मोठ्या स्पर्धेत कोणीतरी असेलच’ या भरवशावर नियम शिकायचं टाळू नका.

१. सोबत काय हवं

- १७५ ग्रॅमची डिस्क. सरावालाही हीच वापरा. खेळण्यातली हलकी डिस्क वाऱ्यावर भरकटते.
- स्टडचे बूट. टोकदार धातूचे स्टड नकोत, त्यांनी समोरच्याला इजा होते.
- एक फिकट आणि एक गडद टी-शर्ट.
- मैदान आखायचं असेल तर किमान ८ कोन (शंकू) आणि मोजपट्टी. पूर्ण मैदान १०० × ३७ मीटर असतं, त्यात दोन्ही टोकांना १८-१८ मीटरचे एन्ड झोन (इथे डिस्क झेलली की गोल). कोनांच्या मधल्या रेषा चुन्याने किंवा पट्टीने आखता आल्या तर जरूर आखा. ‘आत की बाहेर’ हे निम्मे वाद नुसते कोन ठेवल्यामुळे होतात.
- नियमपुस्तक, फोनमध्ये उतरवून घेतलेलं.
- स्पिरिट स्कोअरशीट (समोरच्या संघाच्या खिलाडूवृत्तीला गुण द्यायचा तक्ता), पेन आणि एक घड्याळ.

स्पर्धेला जाताना आयोजकांना आधी विचारून घ्या की कोणतं नियमपुस्तक लागू आहे. डब्ल्यूएफडीएफचं एक आणि अमेरिकेतल्या संघटनेचं वेगळं. दोन्हींत मैदानाच्या मापापासून कॉलनंतरच्या (‘नियम मोडला’ असं ओरडून सांगितल्यानंतरच्या) मोजणीपर्यंत फरक आहेत, आणि एका संघाने एक वाचलंय, दुसऱ्याने दुसरं, असं झालं तर दोघंही प्रामाणिकपणे भांडतात. या लेखातले नियम डब्ल्यूएफडीएफचे आहेत.

२. नियमपुस्तक कुठून वाचायला घ्यायचं

पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाचायच्या फंदात पडू नका. पहिलं प्रकरण, म्हणजे ‘स्पिरिट ऑफ द गेम’ (खिलाडूवृत्ती), दोनदा वाचा. मग स्टॉल मोजणी (डिस्क फेकायला मिळणाऱ्या वेळेची मोजणी), फाउल, आणि इन्फ्रॅक्शन-व्हायोलेशनची (फाउल सोडून बाकीच्या नियमभंगांची) प्रकरणं. बाकीचं खेळता खेळता समजत जातं. डब्ल्यूएफडीएफची ऑनलाइन नियमचाचणीही आहे, साधी आणि प्रगत अशा दोन पातळ्यांची. पहिल्या स्पर्धेआधी साधी देऊन बघा, कुठे कच्चे आहात ते लगेच कळतं.

पहिल्या प्रकरणातली एक गोष्ट पक्की समजली की पुढचं सगळं सोपं होतं. नियम असं धरून चालतात की कोणीही मुद्दाम नियम मोडणार नाही. म्हणून कार्डं नाहीत, पेनल्टी नाही. नियमभंग झाला, तर तो झाला नसता तर खेळ जिथे असता तिथून पुढे सुरू करायचा. कोणतंही कलम आठवेना, तर स्वतःला हेच विचारा: धक्का लागला नसता तर डिस्क कोणाकडे असती? बहुतेक वेळा उत्तर नियमपुस्तकाशी जुळतं.

३. कॉल कोणी आणि कधी करायचा

ज्याला धक्का लागला, फाउलचा कॉल फक्त त्याचा. तुमच्या मित्राला मागून ढकललं गेलेलं तुम्ही स्वच्छ पाहिलं तरी त्याच्या वतीने ‘फाउल’ ओरडायचं नाही. त्याला तो धक्का किरकोळ वाटला असेल, तो त्याचा निर्णय. ट्रॅव्हलचा (डिस्क हातात असताना जागेवरून सरकण्याचा) कॉल मात्र विरुद्ध संघातला कोणीही करू शकतो.

कॉल लगेच करायचा आणि मोठ्याने. पुटपुटलेला कॉल दहा पावलांवरच्या खेळाडूला ऐकू जात नाही. तो धावत राहतो, डिस्क फेकली जाते, आणि मग ‘कॉल आधी की थ्रो आधी’ हा नवाच वाद उभा राहतो. शब्दाबरोबर हाताची खूणही करा, लांबच्या खेळाडूंना तीच दिसते. फाउलला एक हात सरळ धरून त्यावर दुसऱ्या हाताने आडवा वार, व्हायोलेशनला डोक्यावर दोन्ही हातांचा ‘व्ही’, कॉल मान्य नसेल (‘कॉन्टेस्ट’) तर छातीसमोर दोन मुठी एकमेकींवर टेकवायच्या.

आणि झेल सुटल्यावर दोन सेकंद विचार करून केलेला कॉल? तो रडीचा डावच वाटतो, खरा असला तरी.

नवख्यांचा नेहमीचा गोंधळ म्हणजे कोणत्या गोष्टीसाठी खेळ थांबवावा. परिणामावर फरक पडेल इतका नियमभंग असेल तरच कॉल करा, असं नियमच सांगतो. पण याचा उलटा अर्थही घेतला जातो. संकोची खेळाडू पहिले तीन धक्के गिळतात, चौथ्याला फुटतात, आणि समोरच्याला कळतच नाही की आपलं काय चुकतंय. कॉल करायचा नसेल तरी पॉइंट (एका गोलपर्यंतचा खेळ) संपल्यावर जाऊन सांगा: ‘मार्क करताना तुझा हात सारखा माझ्या खांद्याला लागतोय, जरा बघ.’ एवढ्याने काम होतं. (मार्क करणं म्हणजे डिस्क हातात असलेल्यासमोर उभं राहून त्याला अडवणं. तसं करणारा तो मार्कर.)

४. कॉल झाल्यावर नेमकं काय करायचं

क) सगळ्यांनी जागीच थांबायचं. डिस्क हवेत असेल तर तिचं काय होतं ते आधी होऊ द्यायचं. कॉल करणाऱ्या संघाकडेच डिस्क राहिली आणि नियमभंगामुळे त्यांचं काही बिघडलं नाही, तर ‘प्ले ऑन’ म्हणून खेळ चालू ठेवतात.

ख) ज्या दोघांत घडलं त्यांनीच बोलायचं. आधी कॉल करणारा, मग समोरचा. एकेक वाक्य पुरतं. साधारण असं:

‘डिस्क बोटांत यायच्या आधी तुझा हात माझ्या मनगटाला लागला.’
‘मला वाटलं मी आधी डिस्कला लागलो, मग तुझ्या हाताला.’
‘नाही, मनगट आधी. म्हणून तर हात खाली गेला.’
‘मला तसं नाही वाटत. कॉन्टेस्ट.’
‘ठीक आहे, डिस्क परत.’

पंधरा सेकंदही लागले नाहीत. यात ‘तू नेहमी असंच करतोस’ नाही, मागच्या पॉइंटचा उल्लेख नाही. काय झालं आणि कुठे लागलं, एवढंच.

ग) नीट दिसलं नसेल तर ज्याला चांगलं दिसलं असेल त्याला विचारा, मग तो कोणत्याही संघाचा असो, बाजूला उभा असला तरी. आपल्याच मित्राने ‘अरे, तो फाउल नव्हता’ म्हटलं तर कॉल मागे घ्या. कॉल मागे घेतल्याने कोणाची पत जात नाही, उलट पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला वजन येतं.

घ) एकमत झालं तर तसं. नाहीच झालं, किंवा कोणालाच खात्री नसेल, तर वाद नसलेल्या शेवटच्या थ्रोअरकडे (डिस्क फेकणाऱ्याकडे) डिस्क परत जाते.

हा ‘डिस्क परत’चा नियम सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. नवखे समजतात की चर्चा म्हणजे समोरच्याला पटवणं, आणि पटेपर्यंत हुज्जत घालतात. पटायची गरजच नाही. दोघंही आपल्या जागी प्रामाणिक असू शकतात. कोणी खोटारडा ठरत नाही, कोणाला गुण मिळत नाही, पास पुन्हा खेळायचा. दोघांनी आपापली बाजू एकदा मांडून झाली आणि मत बदललं नाही, की तिसऱ्यांदा तेच सांगण्यात सगळ्यांचा वेळ जातो.

पण याच नियमाचा गैरवापरही होतो. फाउल आपणच केलाय हे माहीत असताना ‘कॉन्टेस्ट केलं तर निदान डिस्क परत तरी जाईल’ असा हिशेब करणं म्हणजे सरळ लबाडी. कॉन्टेस्ट फक्त खरोखर वेगळं दिसलं किंवा जाणवलं असेल तेव्हाच.

ङ) मोजणी कुठून सुरू करायची ते ठरवा आणि मोठ्याने सांगा. इथे बहुतेक नवे संघ अडखळतात:

- बचाव करणाऱ्याचा नियमभंग, त्याने मान्य केला: पुन्हा १ पासून.
- डिस्क असलेल्या संघाचा नियमभंग, त्यांनी मान्य केला: जास्तीत जास्त ९.
- स्टॉल-आउट झालं (मोजणी दहावर गेली तरी डिस्क हातातच राहिली) आणि थ्रोअरने ते अमान्य केलं: जास्तीत जास्त ८.
- पिक (तिसऱ्या खेळाडूमुळे वाट अडणं), कॉन्टेस्ट झालेला फाउल, बाकी सगळं: जास्तीत जास्त ९.

‘जास्तीत जास्त ९’ म्हणजे दर वेळी ९ नव्हे. शेवटचा आकडा ४ म्हटला गेला असेल तर पुढचा ५. आकडा ९ च्या पुढे जात असेल तरच ९ वर अडवायचा.

च) सगळ्यांनी कॉलच्या वेळच्या जागी परत जायचं. पास फेकला जाऊन डिस्क परत आली असेल तर थ्रोअरच्या हातून डिस्क सुटली तेव्हाच्या जागी. चर्चा चालू असताना चार पावलं सरकून मोकळी जागा गाठणं ही नवख्यांची हमखास चूक, आणि बहुतेकदा नकळत होते. मग मार्करने डिस्कला हात लावला की खेळ सुरू.

५. जिथे हमखास वाद होतात

स्टॉल मोजणी. मार्कर थ्रोअरपासून ३ मीटरच्या आत असेल तरच मोजू शकतो. आधी ‘स्टॉलिंग’ म्हणायचं, मग १ ते १०, आणि एका आकड्याच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत किमान एक सेकंद. ‘दहा’ तोंडातून निघायला लागलं तेव्हा डिस्क हातातच असेल तर टर्नओव्हर, म्हणजे डिस्क विरुद्ध संघाकडे. दबावाखाली सात-आठ-नऊ हे आकडे एकमेकांत मिसळतात, म्हणून सरावात घड्याळ लावून मोजायची सवय करा. थ्रोअरला मोजणी घाईची वाटली तर तो ‘फास्ट काउंट’ म्हणतो. खेळ थांबत नाही. मार्करने पूर्ण म्हटलेल्या शेवटच्या आकड्यातून एक वजा करून पुढे मोजायचं. सहा म्हणून झालं असेल तर पाच. तक्रार दहा झाल्यावर करू नका, ऐकू आल्याबरोबर करा. आणि स्टॉल-आउट अमान्य करताना तुम्ही पासही फेकला असेल आणि तो पडला असेल, तर टर्नओव्हर कायम राहतो. फुकटची दुसरी संधी मिळत नाही.

मार्करच्या बाकी चुकांनाही हीच पद्धत: थ्रोअरच्या अंगाला चिकटून हात पसरणं, मुद्दाम त्याच्या डोळ्यांसमोर हात धरणं, किंवा दुसऱ्या डिफेंडरने कोणालाही गार्ड न करता ३ मीटरच्या आत येऊन उभं राहणं.

ट्रॅव्हल. धावत झेल घेतल्यावर शक्य तितक्या लवकर, दिशा न बदलता थांबायचं आणि मग पिव्हट पाय (जागेवरून न हलवता ज्यावर वळायचं तो) रोवायचा. पिव्हट सरकला किंवा चुकीच्या जागी रोवला की ट्रॅव्हल. कॉल झाला म्हणून खेळ थांबत नाही. थ्रोअर योग्य जागी जातो, तोवर मोजणी थांबते, मग मार्कर पुढे मोजतो, पुन्हा ‘स्टॉलिंग’ म्हणायची गरज नसते. जागा न सुधारता थ्रोअरने पास दिला आणि तो पोहोचला, तर बचाव करणारे खेळ थांबवून डिस्क परत मागवू शकतात. पास पडला तर? टर्नओव्हर, खेळ पुढे चालू.

पिक. सगळ्यात जास्त चुकीचे कॉल इथेच होतात. तुम्ही ज्याला गार्ड करताय तो ३ मीटरच्या आत आहे, तुम्ही त्याच्या हालचालीला प्रतिसाद देताय, आणि मध्ये तिसरा कोणी आल्याने तुमचा मार्ग अडला, तर पिक. खेळाडू आधीच पाच मीटर पुढे निघून गेला होता, मग वाटेत कोणीतरी आलं, तर तो पिक नव्हे. तुम्ही मागे पडला होतात. अडथळ्याने खरंच फरक पडतोय का, हे बघायला नियम दोन सेकंद देतो. ती वापरा, कारण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला झालेल्या पिकने चालू हल्ला थांबला की सगळेच वैतागतात. कॉलनंतर अडलेल्या खेळाडूने अडथळा नसता तर जिथे असता तिथे जायचं. खेळाडूच्या अगदी अंगावर जाऊन उभं राहायचं नाही.

रेषा. बाजूच्या रेषा मैदानाबाहेर धरतात, म्हणजे रेषेवर पाय पडला की बाहेर. गोल रेषा (एन्ड झोनची मैदानाच्या मध्याकडची रेषा) एन्ड झोनमध्ये मोजत नाहीत. तिच्यावर पाय असेल तर गोल नाही. ज्याचं लक्ष पायांवर होतं आणि ज्याला सगळ्यात स्पष्ट दिसलं त्याचं ऐकायचं. झेल घेणाऱ्याची नजर डिस्कवर असते, त्यामुळे बऱ्याचदा त्यालाच सगळ्यात कमी माहीत असतं.

६. अंगाला अंग लागणं

‘मी आधी डिस्क पकडली’ हे वाक्य विसरून जा. डिस्क पकडायच्या आधी, पकडताना किंवा लगेच नंतर तुम्ही होऊन दणका दिलात तर तो फाउल, डिस्क स्वच्छ मिळाली असली तरी. दोघं एकाच जागी धावताना खांदे घासले, कोणाचं काही बिघडलं नाही, ते चालतं. डिस्क हवेत असताना निव्वळ समोरच्याची वाट अडवायला आडवं जाणं चालत नाही. मोकळ्या जागेवर कोणीही उभं राहू शकतं, फक्त हातपाय पसरून दुसऱ्याला रोखायचं नाही.

रिसीव्हरला (झेल घेणाऱ्याला) धक्का लागला आणि बचाव करणाऱ्याने मान्य केलं, तर डिस्क रिसीव्हरला तिथेच मिळते. एन्ड झोनमध्ये झालं असेल तर जवळच्या गोल रेषेवरून खेळायची. हातात स्थिर आलेली डिस्क हिसकावली गेली (‘स्ट्रिप’) आणि ते मान्य झालं, तर एन्ड झोनमध्ये सरळ गोल.

धोकादायक खेळ मात्र वेगळा. कोणी तुमच्या पायांत डाइव्ह मारतंय, किंवा समोर न बघता गर्दीत घुसतंय, तर स्पर्श झाला की नाही याला महत्त्व नाही. तुम्ही अंग चोरून वाचलात तरी कॉल करू शकता, करावाच. इथे भिडस्तपणा नको. दुखापत झाली तर ‘इंज्युरी’ म्हणून खेळ थांबवा, रक्त येत असेल तर थांबवावाच लागतो. मैदानात दगड किंवा काच दिसली तर ‘टेक्निकल’.

७. बाजूला उभे असाल तेव्हा

आपल्या खेळाडूला प्रोत्साहन द्या, विचारलं तर काय दिसलं ते सांगा, विचारलं नाही तर कॉलमध्ये पडू नका. बाजूने ‘फाउल आहे, सोडू नकोस!’ असा गलका झाला की मैदानातल्या दोघांची पंधरा सेकंदांची चर्चा दोन मिनिटांवर जाते. गोल झाल्यावर समोरच्याच्या तोंडावर डिस्क आपटणं, डिवचणं, त्यांच्या कॉलचं उट्टं काढायला आपण कॉल करणं, विरुद्ध संघाच्या थ्रोअरला फसवून पास मागणं, हे सगळं नियमांत नाव घेऊन निषिद्ध ठरवलेलं आहे.

नवख्याने अज्ञानाने नियम मोडला तर जुन्या खेळाडूने समजावून सांगायचं, हेही नियमांतच आहे. म्हणून न कळल्यास बेलाशक विचारा. ‘मला हा नियम माहीत नाही, सांगशील का?’ असं म्हणणाऱ्यावर कोणी चिडत नाही.

८. वातावरण तापलं तर

प्रत्येक संघाने एक स्पिरिट कॅप्टन (खिलाडूवृत्तीकडे लक्ष देणारा) नेमावा, शक्यतो मुख्य कॅप्टनपेक्षा वेगळा. सामन्याआधी दोन्ही स्पिरिट कॅप्टननी पाच मिनिटं भेटून रेषा, वेळेची मर्यादा आणि नवखे किती आहेत हे बोलून घ्यावं. एकाच खेळाडूबद्दल सतत तक्रारी आल्या तर त्याच्या संघाच्या कॅप्टनने त्याला एक पॉइंट बाहेर बसवणं हा सगळ्यात शांत उपाय.

तरीही भागलं नाही तर कॅप्टन स्पिरिट स्टॉपेज मागतो. दोन्ही संघ एकत्र वर्तुळ करून उभे राहतात, काय खटकतंय आणि पुढे काय बदलायचं ते कॅप्टन बोलतात. डावपेचांची चर्चा या वेळात करायची नाही.

९. सामन्यानंतर: सर्कल आणि स्कोअरशीट

दोन्ही संघ आलटून-पालटून खांद्याला खांदा लावून वर्तुळात उभे राहतात आणि एकेक जण थोडक्यात बोलतो. काय आवडलं ते नेमकं सांगा: ‘तिसऱ्या पॉइंटला तुमच्या खेळाडूने स्वतःहून सांगितलं की पाय रेषेवर होता.’ नुसतं ‘मस्त सामना’ सगळेच म्हणतात.

मग समोरच्या संघाला गुण द्यायचे. पाच सदरं: नियमांचं ज्ञान आणि वापर, फाउल आणि शारीरिक संपर्क, निष्पक्षपणा, सकारात्मक वृत्ती आणि स्वतःवर ताबा, संवाद. प्रत्येकाला ० ते ४, एकूण २०. इथे परीक्षेची सवय आड येते. २ म्हणजे ‘चांगलं’, त्यामुळे नेहमीसारख्या निकोप सामन्याला एकूण १० होतात. १० म्हणजे काठावर पास असं समजून सगळीकडे ४ ठोकू नका, आणि १० मिळाले म्हणून रुसूही नका. निकाल बाजूला ठेवून एकेका सदरासाठी प्रसंग आठवा. आकडा २ वर ठेवून सुरुवात करा, आणि वर किंवा खाली नेण्याइतका ठोस प्रसंग आठवला तरच हलवा. ० किंवा ४ दिलात तर कारण एका ओळीत लिहा.

स्वतःच्या संघालाही त्याच तक्त्यावर गुण द्या. तुम्ही स्वतःला संवादात ३ दिले आणि समोरच्यांनी १ दिला, तर पुढच्या सरावात काय घ्यायचं ते आयतं हाती आलं. शीट त्याच दिवशी, संघ एकत्र असतानाच भरा. रात्री उशिरा एकट्या स्पिरिट कॅप्टनने आठवणीवर भरलेल्या शीटमध्ये शेवटच्या पॉइंटचा वाद तेवढा उरलेला असतो.